चोवीस किलो सामान आणि लाल दोरा

प्रश्न थोडक्यात असा: "काका, दिवाळीनंतर सोलापूर ते कन्याकुमारी एकट्याने सायकलवर जायचं ठरवलंय. विजयपूर, होस्पेट, चित्रदुर्ग, बंगळूर, सेलम, मदुराई असा साधारण १,३०० किलोमीटरचा रस्ता, पंधरा-सोळा दिवस. सामान भरून काट्याला लावलं तर २४ किलो भरलं. सगळंच लागेल असं वाटतंय. काय काढू? आणि नवीन घेतलेलं सामान निघायच्या आधी तपासून कसं घेऊ? यादी वजनासकट जोडलीय."

काका म्हणालास, म्हणजे अरे-तुरे केलेलं चालेल.

यादी दोनदा वाचली. वजनं ग्रॅममध्ये लिहिलीस हे फार बरं केलंस, निम्मी पोरं तिथेच आळस करतात. पण प्रत्येक वस्तूपुढे कंसात कारणही दिलंयस, ते वाचताना हसू आलं. तंबू (लॉज नाही मिळाला तर). स्टोव्ह (हॉटेल बंद असेल तर). जादा टायर (फाटला तर). दुसरी पॉवर बँक (पहिली संपली तर). एकूण एक कारणात 'तर' आहे. हे 'तर' यादीवर पेन्सिल फिरवून कमी होत नाहीत, मी स्वतः करून बघितलंय. टायर काढला की रात्री झोप लागत नाही आणि सकाळी तो परत बॅगेत जातो. ज्याने स्वतःच्या हाताने रस्त्याकडेला पाच पंक्चर काढलीत तो एक ट्यूब आणि पॅचचं पाकीट घेऊन निवांत निघतो. ज्याने एकही काढलेलं नाही तो तीन ट्यूबा घेतो आणि तरी घाबरतो. म्हणून तुझे दोन प्रश्न मी एकच धरतो. तपासणी झाली की वजन आपोआप उतरतं.

आधी वजनाबद्दलचा एक गैरसमज काढू. जड सामानाने दमायला होतं हे खरं, पण वाटतं तितकं नाही. हिशोब कर. तू ७० किलो, सायकल १४, सामान २४, मिळून १०८. सामान १० वर आणलंस तर ९४. तुळजापूर आपल्यापेक्षा साधारण २०० मीटर उंच आहे. जादाचे १४ किलो तेवढे वर चढवायला शरीराला लागतात पंचवीस-तीस कॅलरी, म्हणजे सात-आठ शेंगदाणे. घाटात वेळ मात्र सुमारे सातव्या हिश्शाने जास्त लागेल. सपाटीवर तर फरक आणखी कमी. मग हलकं कशासाठी व्हायचं? मागच्या चाकासाठी.

तुझं स्वतःचं वजन दोन्ही चाकांवर वाटलं जातं. कॅरियरवरचं जवळपास सगळं एकट्या मागच्या चाकावर पडतं. चाक फिरताना प्रत्येक तार खाली आली की किंचित सैल पडते, वर गेली की पुन्हा ताणली जाते. तुझ्या ७०० बाय ३५ टायरचा घेर साधारण २.१७ मीटर. म्हणजे कन्याकुमारीपर्यंत प्रत्येक तार सहा लाख वेळा सैल होणार आणि ताणली जाणार. मी उभा जन्म यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून काढला. एकदम जोर लावून मोडलेलं लोखंड मी क्वचित बघितलं. लाखो वेळा थोडं थोडं वाकून मोडलेलं मात्र रोज बघितलं. तारही मधे तुटत नाही, हबपाशी जिथे वाकवलेली असते तिथेच तुटते, आणि बहुतेक वेळा गिअरच्या बाजूचीच.

माझी तुटली ती कोल्हारचा कृष्णेवरचा पूल ओलांडल्यावर, गोकर्णाला निघालो होतो तेव्हा. दुसराच दिवस. 'टण्ण' असा आवाज आला, वाटलं खडा उडाला. दहा-बारा वेढे गेले आणि रिम ब्रेकला घासायला लागली. माझ्याकडे २२ किलो सामान, त्यात जादाच्या चार तारा फ्रेमला टेप लावून मोठ्या ऐटीत चिकटवलेल्या. पण गिअरच्या बाजूची तार घालायची तर कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा जुडगा, काढावी लागते, आणि ती काढायचं टूल मी घेतलंच नव्हतं. घरी कधी काढून बघितली असती तर कळलं असतं. पुढच्या गावातल्या सायकलवाल्याकडे साध्या सायकलच्या फ्रीव्हीलचा पाना होता, तो बसेना. त्याने चहा पाजला, मी टेम्पोत सायकल टाकून बागलकोटला गेलो. तारा चार होत्या, उपयोग शून्य.

तेव्हा चाकापासून सुरुवात कर. निघण्याच्या महिनाभर आधी मागचं चाक चांगल्या मिस्त्रीकडे दे आणि नुसतं 'आऊट काढून द्या' (चाकाचा वाकडेपणा काढा) म्हणू नकोस, तारांचा ताण सारखा करून मागायचा. परत आणलंस की एका बाजूच्या तारा बोटाने तंबोऱ्यासारख्या छेड. एका बाजूच्या सगळ्यांचा आवाज जवळपास सारखा यायला हवा. गिअरच्या बाजूचा स्वर वरचा आणि डावीकडचा खालचा असणार, तो दोष नव्हे, मागच्या चाकाची घडणच तशी असते. एखादी तार मधेच 'थप्प' बोलली तर ती ढिली आहे, परत घेऊन जा. ३६ तारांचं चाक असेल आणि सामान दहा किलोच्या आत असेल, तर एक तार तुटूनही शेजारच्या दोन किंचित सैल करून, ब्रेक थोडा उघडून, पुढच्या शहरापर्यंत हळूहळू जाता येतं. २४ किलोवर ते जमत नाही. कमी वजनाचा खरा फायदा हा.

आता तपासणी. दसऱ्याच्या आसपास तीन दिवस काढ. पहिला मुक्काम तुळजापूर, साधारण ४५ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी नळदुर्गला ये, किल्ला बघ (पाऊस चांगला झाला असेल तर पाणी महालावरून नर-मादी धबधबे चालू असतील, ते सोडू नकोस) आणि संध्याकाळपर्यंत अक्कलकोट गाठ. तो दिवस सत्तर-पंच्याहत्तरचा होईल. तिसऱ्या दिवशी चाळीस किलोमीटर करून घरी. सगळे मिळून दीडशे-एकशे साठ. घाट आहे, हायवे आहे, खराब रस्ताही मिळतो, आणि काही बिघडलंच तर घर एका टेम्पोच्या अंतरावर.

आणि या फेरीला सगळे चोवीसच्या चोवीस किलो घेऊन जा.

चकरावू नकोस. निघण्याच्या आदल्या रात्री सगळं सामान जमिनीवर पसर आणि प्रत्येक वस्तूला लाल सुताचा दोरा बांध. सोलापुरात सूत कमी नाही, कुठल्याही कारखान्यात मागितलंस तर मूठभर देतील. प्रत्येक वस्तूला म्हणजे प्रत्येक. पान्यांना वेगवेगळा, दोन्ही पँटींना, साबणाच्या डबीला, दुसऱ्या चार्जरला. वस्तू वापरायला घेतली की दोरा तोडायचा. घरी आल्यावर ज्यांना अजून लाल दोरा आहे त्या सगळ्या एका बाजूला काढ. त्यातलं औषध, पावसाचं सामान आणि पंक्चरचं साहित्य तेवढं परत घे. बाकीच्याला सुट्टी. मी सांगतोय म्हणून तंबू काढलास तर होस्पेटला मला शिव्या घालशील. तुळजापूरच्या घाटात तीन किलो तंबू फुकट ढकलल्यावर तूच काढशील.

या तीन दिवसांत काही गोष्टी मुद्दाम घडवून आणायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, पंक्चर नसलं तरी, रस्त्याकडेला सामान उतरवून मागचं चाक काढ, ट्यूब बदल, तुझ्याच छोट्या पंपाने हवा भर. घरचा उभा पंप आणि हा हातातला, दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. ३५ च्या टायरला मी सामानासकट मागे ६५ ते ७० आणि पुढे ५० ते ५५ पीएसआय ठेवतो. टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेपलीकडे जायचं नाही. छोट्या पंपाने तेवढं भरायला किती हात मारावे लागतात ते एकदा मोज, मग पंप बदलायचा की नाही ते तुझं तूच ठरव. काढलेली ट्यूब रात्री खोलीवर पॅच लावून बादलीत बुडवून बघ.

पंक्चरवरून आठवलं. आपल्याकडे वेड्या बाभळीच्या काट्याचं भय सगळ्यांना असतं, आणि ते खरंही आहे, सरपणाची गाडी गेली की मागे काटे सांडलेले असतात. पण हायवेला काटा नडत नाही. तिथे नडते ट्रकच्या फाटक्या टायरमधून सुटलेली केसासारखी बारीक तार. ती बाहेरून दिसत नाही. ट्यूब बदलतोस, दहा किलोमीटरवर पुन्हा हवा जाते, पुन्हा बदलतोस, मग तीन ट्यूबा कमी पडल्या असं वाटतं. ट्यूब पुरेशा असतात, तार आतच राहिलेली असते. टायरच्या आतून कापूस फिरव, जिथे धागा अडकेल तिथे ती आहे. पण बोटांनी ती निघत नाही. भुवयांचा चिमटा घे, पंधरा-वीस ग्रॅमचा. माझ्या मते हत्यारांमधली ही सगळ्यात किमती वस्तू.

दुसरी गोष्ट बोल्टची. नवीन कॅरियर पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरात बसतो, मुरतो, आणि बोल्ट सैल होतात. सैल झालेला बोल्ट हाताला कळतो तोवर उशीर झालेला असतो. मागावर आम्ही करायचो ते कर: बोल्ट पक्के आवळ आणि बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पट्टीवर एक सरळ रेघ नेलपॉलिशने ओढ. बोल्ट जरा फिरला की रेघ तुटलेली दिसते. सकाळी निघताना पाच सेकंदात सगळे बोल्ट नजरेनेच तपासून होतात. लाल नेलपॉलिश घे, काळ्या कॅरियरवर उठून दिसतं. बहिणीला विचारून घे.

तिसरी, पाणी. बॅगेवर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नकोस. मी एकदा नव्याकोऱ्या बॅगा तशाच भरवशावर नेल्या आणि संध्याकाळी एकातून तांब्याभर पाणी ओतलं. पाणी आत आलं ते वरून नव्हे, मागे हुक बसवलेल्या भोकांतून. बॅगेत कोरडा पेपर चुरगाळून भर, तोंड बंद कर, न्हाणीघरात शॉवरखाली दहा मिनिटं ठेव आणि पेपर काढून बघ. कुठे ओलं झालं ते पेपरच सांगतो. आणि तरीही कपडे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचेच.

इथे तुझी एक मोठी चूक सांगतो. 'पावसाळा संपलेला असेल म्हणून रेनकोट काढला' असं लिहिलंयस. बाळा, पावसाळा आपला संपतो. तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो, त्यांचा मुख्य पाऊसच तो. सेलमच्या पुढे तू नेमका त्यात शिरतोस. २४ किलो भरलंस आणि जे लागणार होतं तेच घरी ठेवलंस! हलकं जॅकेट घे, ३०० ग्रॅमच्या आतलं मिळतं. बूट भिजणार हे धरून चाल, सोबत साध्या रबरी चपला ठेव. मडगार्ड काढून वजन वाचवायचा विचार असेल तर तोही सोड.

आता तुझी यादी. सगळ्यावर बोलत नाही, जड तेवढंच.

तंबू ३.२, स्लीपिंग बॅग १.८, मॅट ०.६. या रस्त्यावर तीस-पन्नास किलोमीटरला गाव आहे, लॉज आहे, मठ, धर्मशाळा आहे. त्या तिन्हींच्या जागी एक पातळ चादर, ४०० ग्रॅम. लॉजच्या चादरीवर ती अंथरायची. तंबूत झोपायची हौसच असेल तर गोष्ट वेगळी, हौसेचं वजन धरत नसतात. पण मग दोघांचा नको, एकट्याचा घे, आणि आधी दोन रात्री गच्चीवर त्यात झोपून बघ. पहाटे आतून पाणी सुटतं, ते पहिल्यांदा घरीच अनुभवलेलं बरं.

स्टोव्ह, गॅसचा डबा, भांडी, १.४. सरळ काढ. टपरी नाही असा रस्ता तुला लागणारच नाही. शिवाय येताना रेल्वेने येणार म्हणतोस, गॅसचा डबा रेल्वेत चालत नाही. खायला आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी यापेक्षा हलकं आणि टिकाऊ काही अजून निघालेलं नाही. भाकरी डब्यात भरू नकोस, चुरा होतो. पेपरात गुंडाळून बॅगेच्या सपाट पाठीला लावून उभी ठेव. चार-पाच दिवसांपुरती घे, पुढे इडली आहेच.

हत्यारं २.८ किलो! पाइप पाना कशाला? तुझ्या सायकलवर पाइप पाना बसेल अशी एक जागा दाखव. ज्याचा बोल्ट सायकलवर आहे तेवढाच पाना न्यायचा. एक दिवस बसून सायकलचा प्रत्येक बोल्ट कुठल्या ॲलन-कीने फिरतो ते बघ. बहुतेक सगळं ४, ५ आणि ६ मिलिमीटरमध्ये निघेल. त्याबरोबर चेन तोडायचं टूल, चेन जोडायच्या दोन क्विक लिंक, दोन ट्यूबा, पॅच, टायर उतरवायच्या दोन लिव्हर, पंप, चिमटा, एक ब्रेकची आणि एक गिअरची वायर, ब्रेक पॅडचा एक जोड, चार-सहा केबल टाय, जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या बांधाबांधीला. मिळून एक किलोच्या आत बसतं. जादा टायर काढ. त्याऐवजी जुन्या टायरचा चार बोटं रुंद तुकडा घे. टायर चिरला तर तो आतून लावून हवा कमी ठेवून बंगळूर गाठता येतं, तिथे हवा तो टायर मिळतो.

चेन नवी की जुनी हे लिहिलं नाहीस. पट्टी लावून मोज. पिन ते पिन बारा पूर्ण कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. इंचाचा सोळावा भाग जास्त भरली तर निघण्याआधी बदल, पण आदल्या दिवशी नको. नवी चेन जुन्या कॅसेटवर दात सोडते का ते त्या तीन दिवसांत कळलं पाहिजे.

कपडे ५.१. सायकलचे दोन जोड, रात्रीचा एक. पॅडच्या चड्डीखाली दुसरं काही घालायचं नसतं, हे तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगतो, शिवणीमुळे होणारी अर्धी जखम तिथेच टळते. रोज रात्री धुवायचं. सकाळी वाळतं का, हेही तुळजापुरात बघ. जीन्स काढ. आणि सोलापूरचा असलास तरी टॉवेल आपला नको, तो पाणी छान पितो पण सोडत नाही. पातळ पंचा घे. सीट, बूट, चड्डी यातलं काहीही निघायच्या आधीच्या तीन आठवड्यांत नवीन घ्यायचं नाही.

फोनवर दिवसभर नकाशा चालू ठेवून एक पूर्ण दिवस काढ. संध्याकाळी किती बॅटरी उरते त्यावरून पॉवर बँक एक की दोन हे ठरेल. रोज लॉजवर चार्ज होणार असेल तर १०,००० एमएएचची एक पुष्कळ झाली.

भरताना जड वस्तू खाली, आणि डावी-उजवी बॅग काट्यावर सारखी. शहरातच एक चक्कर मार. पाय मागे जाताना टाच बॅगेला लागत असेल तर हुक सरकवून बॅग मागे घे. उतारावर हँडल थरथरायला लागलं तर सामान फार मागे गेलंय किंवा वर बांधलंय असं समज, दोन्ही गुडघे मधल्या दांड्याला टेकव आणि हळूहळू वेग कमी कर. मग थांबून बांधणी बदल.

हे सगळं झाल्यावर पिण्याचं पाणी सोडून दहा किलोच्या आत येशील. साडेनऊ की साडेदहा यावर डोकं खाऊ नकोस. दात घासायच्या ब्रशचा दांडा कापणारी मंडळी मी बघितलीत. त्यांच्या पोटावर सहा किलो जादा असतात, माझ्यासारखे.

राहिली चादर. बंगळूरला ज्यांच्याकडे मुक्काम आहे त्यांना सोलापुरी चादर द्यायची म्हणून १.४ किलो घेतलीयस. द्यायलाच पाहिजे, सोलापूरहून मोकळ्या हाताने जाणं बरं दिसत नाही. पण सहाशे किलोमीटर ती मागच्या चाकावर कशाला? पोस्टाने पाठव. तुझ्या आधी पोचेल, आणि तू जाशील तेव्हा तुलाच पांघरायला देतील.